एएमई लायसन्स : सगळे पेपर सुटूनही अर्ज का अडतो?

विमान देखभाल अभियंत्याच्या, म्हणजे एएमईच्या, लायसन्ससाठी धडपडणारे विद्यार्थी आपली सारी शक्ती मॉड्यूलच्या, म्हणजे विषयवार, पेपरांवर खर्च करतात. पेपर अवघड असतात हे खरे. परंतु देशाची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था डीजीसीए सीएआर ६६ या नियमावलीनुसार लायसन्स देताना ज्ञानाइतकीच अनुभवाचीही खातरजमा करते, आणि तयारी कमी पडते ती तिथे.

बी१.१ (टर्बाइन इंजिनांच्या विमानांची यांत्रिक देखभाल) किंवा बी२ (इलेक्ट्रॉनिक व विद्युत यंत्रणा) या प्रवर्गासाठी मान्यताप्राप्त सीएआर १४७ प्रशिक्षण संस्थेचा कोर्स केलेल्यांना दोन वर्षांचा, तर संबंधित तांत्रिक प्रशिक्षण नसलेल्यांना पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. हा अनुभव प्रत्यक्ष सेवेतील विमानांवरचा आणि कामांच्या विविध प्रकारांचा हवा असतो. म्हणून लाइनवर, म्हणजे उड्डाणांदरम्यानच्या देखभालीत, वर्षभर केवळ चाके बदलून आणि तेल भरून लॉगबुकाची, म्हणजे अनुभवाच्या नोंदवहीची, पाने भरली, तरी उपयोग थोडाच. लँडिंग गिअर, हायड्रॉलिक्स, फ्लाइट कंट्रोल्स, विद्युत यंत्रणा अशा वेगवेगळ्या एटीए चॅप्टरमधील (विमानाच्या यंत्रणांची क्रमांकित वर्गवारी) कामे मिळावीत यासाठी हँगरमध्ये बदली मागून घ्यावी. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे लॉगबुक ‘नंतर भरू’ म्हणून बाजूला ठेवणे. तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, कामाचे स्वरूप, जॉब कार्डचा (नेमून दिलेल्या कामाच्या पत्रकाचा) संदर्भ आणि देखरेख करणाऱ्या एएमईची सही, एवढे सारे सहा महिन्यांनी आठवणीतून उभे राहत नाही, शिवाय सही करणारे साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात. नोंदी आधीच राहिल्या असतील, तर अंदाजाने भरू नयेत. नोकरीत असतानाच क्वालिटी विभागाला अर्ज देऊन जुन्या जॉब कार्डांवरून त्या पडताळून घ्याव्यात.

पेपरांबाबत एकच सांगावेसे वाटते. दहाव्या, म्हणजे कायद्याच्या, मॉड्यूलसाठी सीनियरच्या जुन्या नोट्स वापरू नयेत, कारण १९३४ च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

आणि लायसन्स हाती येताच एअरबसवर सही करता येईल, असे मुळीच गृहीत धरू नये. त्यासाठी त्या विमानाचे टाइप रेटिंग (त्या विशिष्ट प्रकारच्या विमानासाठीची लायसन्सवरील नोंद) आणि देखभाल संस्थेने दिलेले अधिकारपत्र ही दोन्ही वेगळी मिळवावी लागतात.