गारपिटीनंतरचा ॲल्युमिनियम ट्रेलर: आधी पाणी, मग पोचे

गारा थांबल्या की पहिली ऊर्मी येते ती बाहेर धावत जाऊन पोचे मोजायची. ते नंतर. पोचे कुठे पळून जात नाहीत. आज आहेत, उद्याही असतील, आणि बहुधा ट्रेलर विकेपर्यंत राहतील. आधी छतावरची प्लॅस्टिकची झाकणं बघा. एअरस्ट्रीमसारख्या, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायच्या आणि आत राहायची सोय असलेल्या, चकचकीत ॲल्युमिनियमच्या ट्रेलरचा खरा घात पत्र्यातून होत नाही, झाकणांतून होतो. पत्र्याला पोचे पडतात पण तो सहसा फाटत नाही. झाकण फुटतं, आणि गारांच्या मागोमाग पाऊस असतोच.

आम्ही अमेरिकेत कोलोरॅडोत, फ्रंट रेंज या डोंगररांगेच्या पायथ्याशी राहतो. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि वायोमिंग जिथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्याला इथले लोक 'हेल ॲली', म्हणजे गारांची गल्ली, म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती काही नाही. ८ मे २०१७ ला डेन्व्हरवर जी गारपीट झाली तिचं नुकसान दोन अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. मे-जूनमध्ये दुपारी डोंगरावर ढग चढायला लागले की आमच्या गल्लीत गाड्या आत घ्यायची धांदल उडते. मोटार गॅरेजमध्ये जाते. ट्रेलर जात नाही. त्यामुळे आमच्या ओळखीत ज्यांच्याकडे असा ट्रेलर आहे, त्यांचा या विषयाचा अभ्यास नाइलाजाने पक्का झालेला आहे. माझाही.

पहिल्या दिवशी: छत आणि पाणी

छतावर चढून चालू नका. वरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. गारांनी पाडले नाहीत एवढे मोठे पोचे तुमचा गुडघा पाडेल. शिडीच्या टोकांना जुने टॉवेल गुंडाळा, ती बाजूला टेकवा आणि शिडीवरूनच बघा. जिथवर नजर पोचत नाही तिथे काठीला फोन बांधून व्हिडिओ काढा.

काय बघायचं: छतावरच्या पंख्यांची झाकणं, स्कायलाइट, नळाच्या पाइपांच्या व्हेंटवरच्या टोप्या, फ्रिजच्या व्हेंटचं झाकण, एसीचं आवरण. हे सगळं प्लॅस्टिक उन्हात वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेलं असतं. फुटलेलं झाकण लांबूनही दिसतं. फसवतं ते केसाएवढी चीर गेलेलं. अंगठ्याने हलकेच दाबून बघा, चीर उघडझाप करताना दिसते. व्हेंटच्या टोप्यांकडे कोणी बघत नाही. त्या किरकोळ किमतीच्या वस्तू असतात, आणि त्यांच्या भोवतीची चौकट फुटली की पाणी थेट भिंतीच्या आत उतरतं.

तात्पुरतं झाकताना चिकटपट्टी पत्र्यावर लावू नका, विशेषतः जुन्या ट्रेलरवर. पत्र्यावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो आणि पट्टी ओढताना तो पापुद्र्यासारखा निघून येतो. प्लॅस्टिकचा कागद झाकणाच्या चौकटीलाच दोरीने आवळून बांधा, आणि चिकटवायचंच असेल तर चौकटीवर चिकटवा.

एसीचं आवरण शाबूत दिसलं तरी मागच्या बाजूने आत डोकावा. कंडेन्सरच्या पातळ पात्या गारांनी आडव्या पडतात, हवा अडते आणि एसी धापा टाकत चालतो. यासाठी 'फिन कोंब' नावाचा बारीक दात्यांचा कंगवा मिळतो. पात्यांमधलं अंतर बघून त्या मापाचे दाते निवडायचे, जिथे पात्या सरळ आहेत तिथून कंगवा घालायचा आणि पडलेल्या भागातून पात्यांच्या दिशेने सावकाश ओढायचा. जोर लावला की पाती मुळातून तुटते. एक संध्याकाळ जाते, पण हे काम घरी जमतं आणि जमल्याचं समाधानही मिळतं. या सगळ्या प्रकरणात असं समाधान दुसरीकडे कुठे नाही, तेव्हा ते घेऊन ठेवा.

सोलर पॅनेलची काच तडकली असेल तर ते अजून वीज देतंय म्हणून चालू ठेवू नका. आत पाणी शिरतं. त्यावर जाड कापड टाका, पॅनेलकडून येणारी जोडणी आधी सोडवा, बॅटरीकडची नंतर. खिडकीची काच फुटली तर टेम्पर्ड काचेचा चुरा सगळीकडे होतो, तोही झाडण्यापूर्वी फोटो काढा.

मग आत या. भिंतीच्या आतल्या बाजूला हात फिरवून ओल कळेलच असं नाही, कारण आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मधे इन्सुलेशन असतं आणि पाणी त्यातून झिरपत खाली जातं. ते जमिनीच्या प्लायवुडच्या कडेला येऊन थांबतं. म्हणून कपाटांच्या तळाशी, पलंगाखाली, मागच्या कोपऱ्यात, भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर बघा. दोन टोकदार पिनांचं ओल मोजणारं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते टोचत चला आणि आकडे लिहून ठेवा. तीन-चार दिवसांनी त्याच जागा पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल तर कुठून तरी पाणी येतंय, मग छत कितीही ठीक दिसो.

आता पोचे

भर दुपारी पोचे दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा, नाहीतर अंधार पडल्यावर एलईडीची लांब नळी पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. पत्रा सरळ असेल तिथे नळीचं प्रतिबिंब सरळ रेघ राहतं. पोचा आला की रेघ वळसा घेते. प्रत्येक पॅनेलचा वेगळा फोटो, शेजारी पट्टी किंवा नाणं धरून. पोचे पुसता येईल अशा पेनने गोल करून मोजा.

फोर्ट कॉलिन्सला १९९८ मध्ये सुरू झालेलं 'कोकोराझ' हे हौशी पाऊसमापकांचं जाळं गारा मोजायला फोमचा तुकडा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून अंगणात ठेवतं. गारेचा ठसा फॉइलवर उठतो आणि त्यावरून गारा केवढ्या होत्या, किती पडल्या, कुठल्या बाजूने आल्या ते कळतं. आपला ट्रेलर म्हणजे चाकांवरचं तेच यंत्र. पोचे एकाच बाजूला दाट असतील तर वारा तिकडून होता, आणि ही गोष्ट विम्याच्या कामाला येते. गारा वितळण्याआधी दोन-चार मोठ्या उचलून पट्टीशेजारी फोटो काढा आणि फ्रीझरमध्ये टाका. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसच्या हिशोबात एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, ही 'तीव्र' वादळाची हद्द आहे. २०१० पूर्वी ती पाऊण इंच होती. तुमच्या तारखेचे स्थानिक वादळ-अहवाल त्यांच्याकडे फुकट बघायला मिळतात. छापून फाइलला लावा.

हे पोचे निघतात का?

मोटारीचे निघतात ना, मग याचे का नाही, असं प्रत्येकजण विचारतो. मोटारीच्या पत्र्यामागे कारागीर सळई घालतो आणि आतून दाबत दाबत पोचा वर आणतो. इथे मागे जायला वाटच नाही: बाहेरचा पत्रा, बरगड्या, इन्सुलेशन, आतला पत्रा, आणि त्यावर तुमची कपाटं. दुसरं, मोटारीला पुट्टी भरून वर रंग मारता येतो. इथे रंग नाही, उघडा धातूच शोभेचा, तेव्हा पुट्टीचा प्रश्नच मिटला. तिसरं, गार टोकदार आपटली की पत्रा तिथे ताणला जातो. ताणलेला पत्रा ढकलून परत बसत नाही. एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतो.

गोंदाने खुंटी चिकटवून पोचा बाहेर ओढायची पद्धत आहे. पसरट, उथळ पोच्यावर थोडा उपयोग होतो, पण खुंटीबरोबर क्लिअर कोटही निघायची भीती असते. हेअर ड्रायर आणि कोरड्या बर्फाचे व्हिडिओ बघून वेळ घालवू नका. ब्लोटॉर्च तर अजिबात नको. जुन्या एअरस्ट्रीमचा पत्रा उष्णता-प्रक्रियेने कडक केलेल्या मिश्रधातूचा असतो, तापवला की त्याची ताकद जाते. आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखं आधी लाल होऊन सावध करत नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे पॅनेल बदलणं. जुनी रिव्हेटं ड्रिलने काढायची, नवा पत्रा त्याच भोकांवर बसवायचा, सांध्यात सीलंट भरायचं आणि पुन्हा रिव्हेट मारायची. मूळ पद्धतीच्या भरीव रिव्हेटला दोन माणसं लागतात: एक बाहेरून हवेच्या बंदुकीने ठोकतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला दाबून धरतो. दोघांमध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, सगळं पत्र्यावरच्या टकटकीवर चालतं. आतलं पॅनेल काढायचं नसेल तर बाहेरूनच बसणारी 'ऑलिंपिक' रिव्हेटं वापरतात आणि त्यांचं डोकं तासून मूळ रिव्हेटसारखं करतात. चांगल्या हाताने केलेलं काम ओळखू येत नाही.

बाजूचा आणि छताच्या मधला पत्रा त्या मानाने सोपा. पुढचं आणि मागचं गोलाकार टोक महाग, कारण तिथल्या पाकळ्या दोन्ही दिशांनी वळलेल्या असतात. सपाट पत्रा हाताने वाकवून त्या होत नाहीत, आकार दिलेले भागच मागवावे लागतात. म्हणून त्या भागाच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खुर्चीत बसतो.

विमा

गारपीट बसते पॉलिसीच्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भागात, म्हणजे टक्कर सोडून इतर नुकसानीच्या. फोन करण्याआधी पॉलिसीत तीन गोष्टी शोधा. नुकसानभरपाई आजच्या बाजारभावाने आहे की आधी ठरलेल्या किमतीने. डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, किती. आणि तिसरी, जी कोणी वाचत नाही: 'कॉस्मेटिक' नुकसान वगळलंय का. पत्रा फुटलेला नाही, गळत नाही, फक्त दिसायला वाईट आहे, एवढ्या कारणाने क्लेम नाकारायला ते एक वाक्य पुरतं.

पाहणीला येणारा ॲडजस्टर बहुतेक वेळा मोटारींवर हात बसलेला असतो. आमच्याकडे आलेल्या माणसाने मोटारीच्या बॉनेटला लावतात तो दर प्रत्येक पोच्याला लावून कागद पुढे केला होता. वाद घालत बसू नका. एअरस्ट्रीमचं काम करणाऱ्या डीलरकडून किंवा जुने ट्रेलर दुरुस्त करून पुन्हा उभे करणाऱ्या कारागिराकडून लेखी अंदाजपत्रक आणा, पॅनेलनिहाय, मजुरीचे तास वेगळे लिहिलेलं. बोलणी त्यावर होऊ द्या.

आकडा ट्रेलरच्या किमतीजवळ गेला तर कंपनी तो 'टोटल', म्हणजे दुरुस्तीला न परवडणारा, ठरवते. तो स्वतःकडे ठेवून उरलेले पैसे घेता येतात, पण टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, 'सॅल्व्हेज' (मोडीत निघालेला) असा शिक्का बसेल का, हे राज्याराज्यात वेगळं आहे. सही करण्याआधी तुमच्या राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात विचारा, नंतर नाही. ट्रेलरवर कर्ज असेल तर चेकवर बँकेचंही नाव येईल हे धरून चाला.

आणि पैसे घेऊन दुरुस्ती न करणं हाही सरळ पर्याय आहे. मला तोच बऱ्याचदा शहाणपणाचा वाटतो: झाकणं, एसी, सीलंट नवं करा, पोचे राहू द्या. ट्रेलर तेवढाच कोरडा आणि तेवढाच हलका राहतो. फक्त आजचे फोटो तारखेसकट जपून ठेवा, कारण पुढच्या गारपिटीत कंपनी जुन्या पोच्यांचे पैसे वजा करणार, आणि नवे कुठले ते तुम्हालाच दाखवावं लागेल.

वादळानंतर दुसऱ्या राज्याच्या नंबरप्लेटच्या व्हॅन घेऊन दारोदार फिरणारे येतील. डिडक्टिबल माफ करतो म्हणणाऱ्याला, किंवा क्लेमचे हक्क आपल्या नावावर लिहून मागणाऱ्याला, दारातूनच परत पाठवा.

सांधे

पोच्यांच्या जवळून जाणाऱ्या रिव्हेटच्या रांगा भिंगातून बघा. डोक्याभोवती काळी कड दिसली तर रिव्हेट सैल होऊन हलतेय. सांध्यातलं सीलंट तडकलं असेल तर जुनं प्लॅस्टिकच्या पातीने खरवडून काढा, अल्कोहोलने पुसा आणि पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ भरा. सिलिकॉन नको, एकदा लागलं की त्यावर पुढचं काही चिकटत नाही. रिव्हेट ॲल्युमिनियमचीच घ्या. पोलादी घातली तर दोन धातूंमध्ये ओल साचून ॲल्युमिनियम झिजायला लागतं.

पुढच्या वेळी

मोसमात सकाळी 'स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर' या सरकारी वादळ-अंदाज केंद्राचा नकाशा बघायची सवय लावा. त्यात धोक्याच्या मार्जिनलपासून (सगळ्यात कमी) हायपर्यंत (सगळ्यात जास्त) पाच पायऱ्या असतात. वादळाने रस्त्यात गाठलंच तर पुलाखाली थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. आणि वादळात ट्रेलरच्या आत बसू नका, पक्क्या इमारतीत जा.

जाड अस्तराची कव्हरं मिळतात, पण वाऱ्यात फडफडून ती पत्रा घासतात. बांधायची तर घट्ट बांधा. त्यापेक्षा छताखालची भाड्याची जागा बरी. ती घेताना बाजू उघड्या आहेत का बघा. नुसतं छत असेल तर रांगेच्या टोकाची जागा सोडून मधली मागा, आणि ट्रेलर असा लावा की त्याचं गोल टोक, जे सगळ्यात महाग, उघड्या बाजूला येणार नाही.