कृष्णा, कृष्णेचा, कृष्णानदी: वर्गात बुकमार्क आणि विकी वापरताना

पहिल्या वर्षी माझ्या अकरावीच्या वर्गाने चार महिन्यांत कृष्णेच्या पुरावरच्या ४२५ लिंका जमवल्या. जानेवारीत प्रकल्प लिहायची वेळ आली तेव्हा त्यातली एकही कुणी उघडली नाही. सगळ्यांनी पुन्हा गुगल केलं आणि पहिल्या पानावर जे आलं ते उतरवून काढलं. त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी ती यादी वरून खाली बघत बसले होते आणि मला रडू येत होतं. मुलांनी काम मनापासून केलं होतं. चूक माझी होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे कळायला आणखी एक वर्ष गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषयही माझ्याचकडे असतो. त्याच्या प्रकल्पांचं काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे: मागच्या वर्षीची वही, नवं कव्हर, सही. म्हणून मी विषयच असा घेतला की जो मुलांच्या घरात शिरलेला आहे, कृष्णेचा पूर. वर्गात भिलवडीची, अंकलखोपची, हरिपूरची मुलं होती. २००५ त्यांनी आईवडिलांकडून ऐकलेलं, २०१९ आणि २०२१ स्वतः पाहिलेलं. लिंका एकत्र ठेवायला डीगो या बुकमार्क जपणाऱ्या संकेतस्थळावर गट केला, कारण तिथे पानावरच ओळ रंगवता येते, शेजारी चिठ्ठी लावता येते आणि ती गटातल्या बाकीच्यांना दिसते. साधन चांगलं होतं, मुलं उत्साही होती, विषय जिवंत होता. तरीही सगळं वाया गेलं ते टॅगमुळे, म्हणजे लिंक पुन्हा सापडावी म्हणून तिला लावायच्या शब्दांमुळे.

मी मुलांना सांगितलं होतं, "टॅग द्यायला विसरू नका." ती विसरली नाहीत. प्रत्येकाने दिले आणि मनाला येईल तसे दिले. एकाच पुराच्या बातम्यांवर कुठे 'पूर' होता, कुठे 'पुर', कुठे 'महापूर', 'पुराचा', 'पुरामुळे', 'सांगलीपूर', 'फ्लड'. नदीचंही तेच. 'कृष्णा', 'कृष्णेचा', 'कृष्णाकाठ', 'कृष्णानदी'. आपण माणसं हे सगळं एकच वाचतो. यंत्र प्रत्येक शब्द वेगळ्या खणात टाकतं. 'पूर' टॅगवर टिचकी मारली की ३० लिंका यायच्या आणि उरलेल्या दीडशे बाकीच्या खणांत पडून राहायच्या. मुलांना वाटायचं, एवढंच आहे, आणि ती निघून जायची.

हा मुद्दा मी जरा जास्तच ताणून सांगणार आहे, कारण इंग्रजीतून दिलेल्या प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही. मराठी नाम विभक्तीत गेलं की बदलतं. 'पूर'चा 'पुराचा' होतो, दीर्घाचा ऱ्हस्व होतो, 'कृष्णा'ची 'कृष्णे' होते. मूल बातमीच्या मथळ्यातून शब्द उचलतं, आणि मथळ्यात तो बहुतेक वेळा सामान्यरूपातच असतो. दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. डीगोमध्ये टॅग लिहिताना मोकळी जागा सोडली की टॅग संपतो. 'कृष्णा नदी' लिहिलं की 'कृष्णा' एक टॅग आणि 'नदी' दुसरा. दोन्ही शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घातले तरच ते एकत्र राहतात. तिसरं म्हणजे आकडे. मराठी अंकांतला २०१९ आणि इंग्रजी अंकांतला 2019 हे दोन निराळे टॅग. आणि चौथी गोष्ट तर डोळ्यांना दिसतच नाही: 'ऱ्हास' हा शब्द संगणकावर दोन पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत मात्र वेगळे. 'जमिनीचा ऱ्हास' शोधणारी मुलगी मला म्हणाली, "मॅडम, टॅग आहे पण त्यात माझी लिंक नाही." मी अर्धा तास शोधत होते.

यातून मला बाहेर काढलं आमच्या ग्रंथपाल सरांनी. ती यादी त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, ग्रंथालयात पुस्तकाला विषय देताना आम्ही आधी शब्द ठरवतो, मग पुस्तक हातात घेतो." माझं स्पष्ट मत आहे: या कामात गुरू करायचा तर ग्रंथपालाला करा. संगणकाची माहिती असलेले शिक्षक तुम्हाला बटणं दाखवतील, कार्यशाळा प्रमाणपत्र देईल. पण एकाच गोष्टीला चाळीस जणांनी एकच नाव कसं द्यायचं, हे ज्ञान कपाटांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाकडेच असतं. आणि तो तुमच्याच इमारतीत बसलेला असतो.

दुसऱ्या वर्षी पहिला तास शब्द ठरवण्यात घालवला. २२ शब्दांची यादी केली आणि फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर ठेवली: पूर, पूररेषा, पाणीपातळी, धरण, विसर्ग, स्थलांतर, कृष्णा, वारणा, कोयना, अलमट्टी (कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण), अशी. शब्द मूळ रूपात, एकवचनात. दोन शब्द जोडायचे तर मध्ये अधोरेखा. वर्षं मराठी अंकांत. यादीबाहेरचा शब्द हवा असेल तर वर्गात विचारायचा. 'महापूर' वेगळा ठेवायचा का यावर अर्धा तास वाद झाला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मग महापूर कितीपासून म्हणायचा? पत्रकार ४५ ओलांडली की म्हणतात, आजोबा २०१९ लाच म्हणतात. शेवटी मुलांनीच ठरवलं, टॅग 'पूर' एकच, आणि पातळी फुटांत चिठ्ठीत लिहायची. मी भूगोलाचे इतके तास घेतले आहेत, पण व्याख्या कशासाठी लागते हे मुलांना त्या अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं एरवी कधी कळलं नव्हतं.

टॅगच्या जोडीला दुसरी अट: चिठ्ठीत दोन ओळी लिहिल्याशिवाय लिंक गटात टाकायची नाही. हे कुणी, कधी लिहिलं आहे, आणि मला यातून नेमकं काय हवं आहे. भिलवडीच्या एका मुलीने एका बातमीतल्या पाणीपातळीच्या आकड्याखाली लिहिलं होतं, "ही पातळी सकाळची की रात्रीची? दुसऱ्या बातमीत त्याच तारखेला दीड फूट कमी आहे." लिंका किती जमल्या हे मोजणं मी त्या दिवशी थांबवलं. व्हॉट्सॲपवर 'शिक्षकांसाठी उपयुक्त ५०० लिंक' अशा याद्या फिरतात, त्या पुढे ढकलू नका. दुसऱ्याने जमवलेल्या लिंकेला तुमच्या मुलांचा प्रश्न चिकटलेला नसतो.

आता विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची आणि बदलायची पानं. बुकमार्कचं काम किमान महिनाभर अंगवळणी पडल्याशिवाय त्याला हात लावू नका. मी आधी कॉलेजच्या मूडलवरची, म्हणजे अभ्यासाच्या संकेतस्थळावरची विकी वापरते. तिथे बाहेरचं कुणी येत नाही, आणि एकजण पान संपादत असला की दुसऱ्याला थांबावं लागतं. मराठी विकिपीडियावर त्यानंतर जायचं, तेही आधी स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर. पूर्वी मुलं पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, त्यावरून हे नाव आलं, हे मुलांना जरूर सांगा. चुकायला जागा आहे म्हटल्यावर त्यांचा हात मोकळा होतो.

विकीत जी गोष्ट सगळ्यात मोलाची आहे तिच्याकडे नवे शिक्षक बघतच नाहीत: चर्चा पान, जिथे मजकुरावर बोलता येतं, आणि इतिहास, म्हणजे पानातल्या प्रत्येक बदलाची नोंद. आमच्या 'पुराची कारणं' या पानावर दोन मुलं अलमट्टीवरून भिडली. एकाने लिहावं, अलमट्टीच्या फुगवट्यामुळे सांगली बुडाली. दुसऱ्याने ते पुसून लिहावं, पाऊस आणि कोयनेचा विसर्ग हेच कारण. एका संध्याकाळी ते वाक्य अकरा वेळा बदललं. दोघांच्याही घरात पाणी शिरलेलं, दोघेही पोटतिडकीने लिहीत होते. मी निवाडा दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. दोघांना चर्चा पानावर बसवलं. प्रत्येक वाक्यापुढे ते कोण म्हणतं हे लिहायचं, आणि गटातल्या लिंकेचा आधार द्यायचा. पूरग्रस्तांचं म्हणणं काय, २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीचं काय, कर्नाटकाचं काय, सगळं नावानिशी. इथे टॅगची मेहनत कामी आली. 'अलमट्टी'वर टिचकी मारली की दोन्ही बाजूंच्या बातम्या समोर. आठवड्याने पान तिप्पट झालं होतं, आणि दोघेही त्यावर खूश होते.

इतिहासाबद्दल मात्र एक इशारा. कुणी किती लिहिलं हे तिथे दिसतं म्हणून त्यावरून थेट गुण देऊ नका. एका गटात सगळी संपादनं एकाच मुलीच्या नावावर होती. मी बाकीच्या चौघांना झापलं. नंतर कळलं की चांगला फोन तिच्या एकटीकडे होता आणि बाकीचे शेजारी बसून सांगत होते. त्या चौघांची मी माफी मागितली, तरी ते अजून मनात आहे. शिवाय विकिपीडियाच्या इतिहासात दिसणारा आकडा बाइटचा असतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. 'तीनशे भर घातली' याचा अर्थ तीनशे अक्षरं होत नाही, शंभरच्या आसपास होतो.

विकिपीडियावर जाताना आणखी दोन-तीन गोष्टी. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे साधारण एका इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. संगणक कक्षात ४० मुलं बसवलीत तर सातव्यापासून सगळी अडकतील. आठवडाभर आधी घरून खाती काढायला सांगा, आणि टोपणनावाने. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरलेले आहेत, त्यामुळे पालकांची लेखी संमती फायलीला लावा. त्या भिलवडीच्या मुलीच्या घरात भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ आहे, वडिलांनी तारीख घालून मारलेली. तिने फूटपट्टी लावून उंची मोजली, फोटो काढला. वर्गाच्या विकीत ते पान मी सगळ्यात वर ठेवलं. विकिपीडियावर मात्र ते चालत नाही, कारण तिथे आधी प्रसिद्ध झालेला आधार लागतो. तिला वाईट वाटलं. तुमच्याही एखाद्या मुलाला वाटेल. आधीच समजावून सांगा.

आणि नकल. मराठी विश्वकोशाचं काम आपल्या शेजारी वाईला चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ ला निघाला, आणि आता सगळं घरबसल्या वाचता येतं. मुलं तिथले परिच्छेद उचलून विकिपीडियावर टाकतात आणि ते काढून टाकले जातात. वाचायला खुलं आहे म्हणून उचलायला खुलं नसतं. त्यापेक्षा कृष्णा नदीची दोन्हीकडची नोंद शेजारी शेजारी उघडा. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, विकिपीडियावर ते इतिहासात शोधावं लागतं. एवढ्यावर एक तास सहज जातो.

घाबरू मात्र नका. मी सांगितलेल्या अडचणी एकदम येत नाहीत. पहिल्या वर्षी २० लिंका आणि एक विकी पान झालं तरी भरपूर झालं. फक्त महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे बुकमार्क एचटीएमएल फाईलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. डिलिशस हे बुकमार्कचं संकेतस्थळ २००३ साली सुरू झालं, एके काळी सगळं जग ते वापरायचं, आज नाही. लिंका जपून ठेवणारं पॉकेट ८ जुलै २०२५ ला बंद झालं. बातम्यांची पानंही नाहीशी होतात, म्हणून महत्त्वाचं पान इंटरनेट अर्काइव्हवर जतन करून त्याचीही लिंक ठेवा.

त्या पहिल्या ४२५ लिंका मी टाकून दिल्या नाहीत. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात नव्या वर्गाला तीच यादी देते. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येकाला थोड्या लिंका. कोणती उघडत नाही, कोणता टॅग चुकीच्या खणात आहे ते शोधायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यातल्या शब्दांत बदलून द्यायचं. यंदा एका गटाने 'पुर'मधून ११ लिंका सोडवून 'पूर'मध्ये आणल्या, आणि तास संपल्यावर त्यातली एक मुलगी विचारायला आली, 'पूर' आणि 'पाणीपातळी' दोन्ही दिले तर चालेल का.