फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी होडी: दोन तुकड्यांची, एकात एक बसणारी, घरीच बनवलेली

घडीची होडी म्हटलं की लोक बिजागऱ्या नाहीतर ताडपत्रीच्या मागे लागतात, पण सुतारकाम थोडंफार येत असेल तर माझं स्पष्ट मत आहे की प्लायची दोन तुकड्यांची होडी करा, पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्यात बसतो, डब्यात डबा बसतो ना तसा, आणि सगळं मिळून चार फुटांचं गाठोडं होतं जे बाल्कनीत उभं राहतं आणि गाडीच्या कॅरियरवर आरामात जातं.

माप असं धरा. लांबी साडेसात फूट, वरची रुंदी चार फूट, तळ तीन फूट, बाजूच्या फळ्या पंधरा इंच. टोक निमुळतं नको, पुढूनही चपटंच ठेवा. एवढ्यात ८ बाय ४ च्या ६ एमएमच्या तीन शीटमध्ये काम होतं आणि फळ्यांना लांबीत जोड द्यावा लागत नाही. पुढचा तुकडा साडेतीन फुटांचा, मागचा चार, आणि सगळ्यात जास्त रुंदी मागच्या तुकड्यात आली पाहिजे नाहीतर पुढचा आत बसणारच नाही. म्हणून आधी जाड पुठ्ठ्याचं मॉडेल करा, १ इंच म्हणजे १ फूट, कात्री आणि सेलोटेप, एका संध्याकाळचं काम आहे, त्यात फळ्यांचा बाक किती ठेवायचा, तुकडे एकात एक बसतात का, सगळं कळतं. हे टाळू नका प्लीज, महागडं प्लाय कापल्यावर कळण्यापेक्षा पुठ्ठ्यावर कळलेलं बरं.

प्लाय घेताना IS ७१० चा शिक्का बघा, तो मरीन ग्रेड. IS ३०३ वालं किचनसाठी ठीक आहे, होडीला नको. तरी शंका आली तर एक छोटा तुकडा तीन-चार तास उकळत ठेवा, थर सुटायला लागले तर शीट परत करा.

जोडायची पद्धत म्हणजे शिवायचं आणि चिकटवायचं. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी ह्याच पद्धतीने हजारो लोकांनी घरी बनवली, आणि होडी शिवणं आपल्या किनाऱ्याला काही नवीन नाही, काथ्याने फळ्या शिवलेली जहाजं अरबी समुद्रात शतकानुशतकं चालली, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं कौंडिण्य २०२५ मध्ये नौदलात आलं ते पण शिवलेलंच आहे. आपण काथ्याऐवजी तांब्याची तार वापरायची, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. कडेपासून १ सेंमी आत, दर चार-पाच इंचावर २ एमएमचं भोक, तार ओवायची, बाहेरून पक्कडने पीळ द्यायचा. दोन्ही बाजूच्या फळ्या एकावर एक ठेवून एकदमच कापा म्हणजे फरक पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन अर्ध्या होड्या वेगवेगळ्या बनवून नंतर जोडायला जाऊ नका, कधीच नीट जुळत नाहीत. होडी अखंडच बनवायची आणि मधे जिथे कापायचंय तिथे दोन आडवे पडदे म्हणजे प्लायच्या भिंती उभ्या करायच्या, प्रत्येकी डबल प्लाय म्हणजे १२ एमएम, दोघांच्या मधे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या ४ एमएमच्या पट्ट्या. पडदे बसवायच्या आधीच दोन्ही एकत्र धरून बोल्टची चार भोकं पाडायची आणि बोल्ट घट्ट करूनच होडीत शिवायचे. सगळं सुकल्यावर पट्ट्या काढून त्या फटीतून करवत चालवायची, भोकं आपोआप समोरासमोर राहतात. पडदे पाण्याच्या पातळीपेक्षा बरेच उंच ठेवले की प्रत्येक तुकडा स्वतःच एक बंद होडी होतो, सांध्यातून पाणी आलं तरी आत येत नाही.

आणि खालच्या दोन बोल्टवर कंजूषी करू नका. माणूस मधे बसतो, पाणी दोन्ही टोकांना वर ढकलतं, त्यामुळे सांधा खालून उघडायला बघतो, म्हणजे ताण सगळा खालच्या बोल्टवर. १० एमएम स्टेनलेस, खाडीत नेणार असाल तर ३१६ ग्रेड, मोठे वॉशर आणि रबर वॉशर. भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद) भरा, सुकलं की मग १० एमएमचं पाडा म्हणजे प्लायच्या आत पाणी शिरत नाही.

शिवून झालं की चिकटवण्याआधी दोन्ही कर्ण दोरीने मोजा, समान आले पाहिजेत, आणि पुढे-मागे एकेक सरळ काठी आडवी ठेवून लांबून बघा की पीळ आहे का. इपॉक्सी लागल्यावर पीळ निघत नाही.

रेझिन इपॉक्सीच घ्या, स्वस्त पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही. फायबरची विणलेली टेप घ्या, सुट्या धाग्यांची मॅट नको, मॅटमधले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरसाठी असतो, इपॉक्सीत विरघळत नाही. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच, वजनकाट्यावर मोजून, अंदाजाने नाही. मे महिन्यात भांड्यात ठेवलेलं मिश्रण बघता बघता गरम होऊन घट्ट होतं म्हणून थोडं थोडं करा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. दमट हवेत वर चिकट थर येतो, तो पाण्याने आणि घासणीने धुवूनच पुढचा हात द्या. ग्लोव्हज आणि घासताना मास्क लागतोच, इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा बसली की जात नाही.

आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीत चाळलेला लाकडाचा बारीक भुसा घालून लापशीसारखं दाट करून भरा, चमच्याच्या पाठीने गोल करा, वर ३ इंची टेप. बाहेरच्या तारा कापा, कडा गोल करा, तिथेही टेप. मग सगळीकडे इपॉक्सीचे दोन-तीन हात, आणि वर रंग हवाच कारण उन्हात इपॉक्सी खराब होतं.

होडीत पाणी भरलं तरी ती तरंगावी म्हणून पुढच्या टोकाला बंद पेटी करा. मागे मात्र कायमची पेटी नको, नाहीतर पुढचा तुकडा बसायचा कुठे, तिथे काढता येणारी सीटच सीलबंद पेटी करा आणि आत बूच घट्ट लावलेल्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या भरा, प्रत्येक बाटली साधारण दोन किलो उचलते. सीट पट्ट्याने होडीला बांधलेली हवी.

वल्ही सात फुटांची लागतात, गाठोड्यात मावत नाहीत म्हणून मधे अ‍ॅल्युमिनियम पाइपचा जोड द्या.

हिशोबाने रिकामी होडी पस्तीस किलोच्या आसपास जाते. तळ साधारण १.७ चौरस मीटर म्हणजे १ सेंमी बुडायला सतरा किलो, दोन माणसं धरून दहा-बारा सेंमी बुडेल. तिसरा माणूस नको. पहिली चाचणी कमरेएवढ्या शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्यावर कोणीतरी उभं असताना. धरणात न्यायची असेल तर जलसंपदा विभागाला आधी विचारा, पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच धरणांवर होडी चालत नाही.