सरासरी काढताना या चुका टाळा

समजा, मोंढ्यावर सोयाबीन दोन खेपांत विकलं. पहिल्या खेपेला १० क्विंटल ४,००० रुपये भावानं, दुसऱ्या खेपेला ४० क्विंटल ४,३०० नं. सरासरी भाव किती? बरेच जण दोन्ही भावांची बेरीज करून दोननं भागतात आणि ४,१५० सांगतात. आता विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) समोर ठेवा. ४०,००० आणि १,७२,००० मिळून २,१२,००० रुपये आले, माल गेला ५० क्विंटल. म्हणजे भाव पडला ४,२४०. खेपांचं वजन सारखं नसेल तर आधी एकूण रक्कम काढायची आणि मग तिला एकूण वजनानं भागायचं. गावोगावच्या एकरी उताऱ्याची सरासरी काढतानाही हाच घोटाळा होतो. तिथं एकूण उत्पादनाला एकूण क्षेत्रानं भागा.

पावसाच्या नोंदीत शून्य आणि रिकामी जागा यांची गल्लत फार होते. एका आठवड्याची नोंद पाहा: ०, १२, ०, –, ३०, ६, ० मिलिमीटर. चौथ्या दिवशी पर्जन्यमापक कुणी वाचलाच नाही. बेरीज ४८. वाचन सहा दिवसांचं आहे, म्हणून सरासरी ८. सातनं भागलं तर न वाचलेला दिवस कोरडा धरल्यासारखं होतं. शून्य वगळून तीननं भागलं तर १६ येतात, म्हणजे दुप्पट! कोरडा दिवस हीसुद्धा नोंदच आहे. एक्सेलचं सरासरीचं सूत्र रिकामा चौकोन सोडून देतं आणि शून्य मोजतं, हे ठीकच. पण चौकोनात ‘१२ मिमी’ असं लिहिलं तर तो मजकूर समजून तोही आकडा सोडला जातो, आणि कुठलीही सूचना येत नाही. एकक वरच्या रकान्याच्या नावातच लिहावं.

पाच शेतांचा एकरी उतारा ५, ६, ६, ७ आणि २१ क्विंटल आला. सरासरी ९. चार शेतकरी तर ९ च्या जवळपासही नाहीत! असं दिसलं की २१ हा आकडा लगेच खोडू नका. आधी विचारा: एकराऐवजी हेक्टरचा आकडा आला का? एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, त्यामुळे २१ चे एकरी साडेआठ होतात. आकडा खरा निघाला तर ठेवा, पण सरासरीशेजारी मध्यक ६ हाही लिहा. चढत्या क्रमातला हा मधला आकडा आहे.

आणि नमुना कुठून घेतला? माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक इथली. जायकवाडीच्या कालव्याकाठची, गाडी सहज पोचते तेवढीच शेतं मोजली तर गणित कितीही अचूक असलं तरी ती तालुक्याची सरासरी होत नाही. कालव्याकाठची शेतं आणखी वाढवूनही ती चूक भरून निघत नाही. गट क्रमांकांची पूर्ण यादी घेऊन चिठ्ठ्या टाकून निवडा, म्हणजे मुरमाड कोरडवाहूलाही संधी मिळेल.

विद्यार्थी विचारतात, भागायचं n नं (म्हणजे एकूण आकड्यांच्या संख्येनं) की n−१ नं? सरासरीसाठी नेहमी n. n−१ लागतो तो नमुन्यावरून प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, काढताना.

उत्तर तपासायला प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा. पाच शेतांच्या उदाहरणात −४, −३, −३, −२ आणि १२, बेरीज शून्य. ती शून्य येत नसेल, आणि सरासरी पूर्णांकात केली नसेल, तर बेरीज किंवा भागाकार चुकलाय.