रुंद ग्रिपची बॅक प्रेस: खांदे वाचवायचे असतील तर या चुका टाळा

मानेमागून रॉड डोक्यावर ढकलायच्या व्यायामाला आपल्याकडच्या जिममध्ये बॅक प्रेस म्हणतात. या व्यायामाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक ट्रेनर सांगतो, याशिवाय खांदा गोल होतच नाही. दुसरा सांगतो, हा व्यायाम बादच करून टाका, खांदा कामातून जाईल. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मोठ्या जिममध्येही हेच चालतं आणि नौपाड्यातल्या तळमजल्यावरच्या लहान जिममध्येही. माझी तक्रार दोघांबद्दल आहे, कारण समोरच्या माणसाचा खांदा दोघांपैकी कोणीच बघत नाही. हाच व्यायाम एकाला मानवतो आणि दुसऱ्याला दोन आठवड्यांत हात वर करणं अवघड करतो. त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत आणि बरीचशी टाळताही येतात.

खांदा न तपासता रॉडखाली जाणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल आणि मोठं असतं. ते ज्या खोबणीत बसतं ती मात्र बशीसारखी उथळ असते. म्हणून खांदा सर्व दिशांना फिरतो आणि म्हणूनच शरीरात सर्वाधिक निखळणारा मोठा सांधाही तोच. त्याला जागेवर धरून ठेवण्याचं काम मुख्यतः रोटेटर कफचे चार लहान स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण करतं. हात पूर्ण वर नेतो तेव्हा साधारण 180 अंशांपैकी 120 अंश या सांध्यातून येतात आणि उरलेले 60 पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरल्यामुळे मिळतात. पाठ आखडलेली असेल, फऱ्याचं हाड फिरत नसेल, तर ती उणीव सांध्याला भरून काढावी लागते.

फऱ्याचं हाड बरगड्यांवर थोडं पुढे झुकून बसलेलं असतं. त्यामुळे हात वर नेण्याची सोयीची वाट अगदी बाजूने नसून त्याच्या साधारण 30 अंश पुढून जाते. बॅक प्रेसमध्ये रॉड डोक्याच्या मागे असल्यामुळे कोपरं ही वाट सोडून थेट बाजूला, कधी त्याच्याही मागे जातात आणि दंड बाहेरच्या दिशेने जवळजवळ पूर्ण पिळला जातो. त्या अवस्थेत वर वजन. ज्याच्याकडे तेवढी हालचाल आहे त्याला त्रास होत नाही. ज्याच्याकडे नाही, तो ती मानेतून, कमरेतून किंवा सांध्याच्या आवरणातून चोरतो.

आता आपल्याकडचा रोजचा दिवस बघा. ऐरोली किंवा महापेच्या ऑफिसात आठ-नऊ तास स्क्रीनसमोर, खांदे पुढे, हनुवटी पुढे. त्याआधी आणि नंतर लोकल: सॅक छातीवर, एक हात वरच्या कडीला आणि प्रवासभर गर्दीचा लोंढा त्या एका हातावर झुलतोय. संध्याकाळी हाच माणूस जिममध्ये येऊन पाच मिनिटं ट्रेडमिलवर चालतो आणि थेट रॉड मानेमागे घेतो. पाठ पुढे वाकलेली असताना खांद्याच्या वरचं हाडाचं छप्परही पुढे कलतं. त्याखालची फट जेमतेम सेंटीमीटरभराची आणि त्यातून रोटेटर कफची एक कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) जाते. हात वर नेताना खांद्याच्या बाहेरच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं दुखणं बहुतेक वेळा इथून सुरू होतं.

म्हणून आधी भिंतीची चाचणी करा. जमिनीवर भिंतीला टेकून बसा. कंबर, पाठ आणि डोकं भिंतीला. कोपरं खांद्याच्या रेषेत, काटकोनात वाकवलेली, पंजे वर. आता मनगटं आणि पंजाची मागची बाजू भिंतीला लावा. बरगड्या पुढे न काढता, हनुवटी न उचलता ती लागली पाहिजे. मग तसेच हात भिंतीवरून सरकवत वर न्या. मनगट भिंतीपासून चार बोटं दूर राहत असेल, तर बॅक प्रेस सध्या तुमच्यासाठी नाही. यात कमीपणा काही नाही. छातीसमोरून प्रेस करा, डंबेल थोडे पुढे धरून प्रेस करा आणि पाठ मोकळी करण्यावर दोन-तीन महिने द्या.

ही चाचणी एका प्रकारच्या खांद्याला मात्र फसवते. ज्याचा सांधा मुळातच सैल आहे, तो भिंतीला सर्वांत सहज हात लावतो. अंगठा मनगटाकडे वाकवून टेकतो, कोपर सरळ केलं की थोडं उलटं जातं, लहानपणी खांदा एकदा निखळला होता अशी माणसं या गटात मोडतात. सेंट्रल मैदानावर वर्षानुवर्षं फास्ट बोलिंग किंवा बाउंड्रीवरून थ्रो करणाऱ्यांचा खांदाही मागे जास्त फिरतो. दंड बाजूला आणि हात मागे पिळलेला, ही निखळलेल्या खांद्याची नेमकी नाजूक अवस्था. डॉक्टर सैल खांदा तपासताना हात हळूहळू याच अवस्थेत नेतात आणि रुग्ण घाबरून आखडतो का ते बघतात. ज्याचा खांदा एकदाही निखळलाय किंवा चेंडू फेकताना ‘आता निसटेल’ असं वाटतं, त्याने बॅक प्रेस करू नये, हे माझं ठाम मत आहे. अशा माणसाला आणखी स्ट्रेचिंग सांगणारा ट्रेनर त्याचं नुकसान करतोय.

ग्रिप चुकीची धरणं

‘रुंद’ म्हणजे किती, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. बरेच जण छातीसमोरच्या प्रेसची ग्रिप जशीच्या तशी मागे नेतात. खांद्याइतक्या अरुंद ग्रिपने रॉड मानेमागे आणला की दंड आणखी पिळावा लागतो आणि कोपरं मागे पळतात. हात रुंद केले की हा पीळ कमी होतो, रॉडचा प्रवासही कमी होतो. वेटलिफ्टर स्नॅचच्या (रॉड जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर नेण्याच्या प्रकाराच्या) रुंद ग्रिपने मानेमागून प्रेस करतात ते यामुळेच. 2005 चा जगज्जेता आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधला रौप्यपदक विजेता रशियन लिफ्टर दिमित्री क्लोकोव याच्या नावाने हा प्रकार जगभर ‘क्लोकोव प्रेस’ म्हणून ओळखला जातो. त्याचे व्हिडिओ बघून आपली मुलं हा व्यायाम करायला लागली. पण त्याचा खांदा हजारो स्नॅचमधून त्या जागी तयार झालेला होता, हे त्या व्हिडिओत दिसत नाही.

खूण अशी: रॉड कानाच्या पातळीवर असताना समोरून कोणाला तरी बघायला सांगा. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा किंवा किंचित बाहेर झुकलेला असावा. आत झुकत असेल तर ग्रिप अरुंद आहे. बाहेर फारच तिरका जात असेल आणि मनगट अंगठ्याच्या बाजूला मुडपत असेल तर अति रुंद. रुंद ग्रिपमध्ये ट्रायसेप्सची (दंडाच्या मागच्या स्नायूची) मदत घटते, त्यामुळे वजन कमीच उचललं जातं. ते तसंच असायला हवं.

अंगठा रॉडभोवती पूर्ण गुंडाळा. पावसाळ्यात आपल्या हवेत तळवे सतत ओले असतात, कित्येक जिममधल्या रॉडची खरखर झिजून गुळगुळीत झालेली असते आणि रुंद ग्रिपमध्ये हात बाहेरच्या बाजूला घसरू पाहतो. प्रत्येक सेटआधी (सेट म्हणजे सलग केलेल्या उचलींची एक फेरी) नॅपकिनने रॉड आणि हात दोन्ही पुसा.

रॉड मानेला टेकवणं

‘पूर्ण खाली आण, नाहीतर रेप (म्हणजे एक उचल) धरणार नाही’ असं ओरडणारा एकजण प्रत्येक जिममध्ये असतो. त्याचं ऐकू नका. रॉड कानाच्या खालच्या टोकापर्यंत आला की पुरे. त्याखाली प्रत्येक सेंटीमीटरला खांद्याच्या पुढच्या आवरणावरचा ताण वाढतो आणि स्नायूंच्या हाती फार काही लागत नाही. वेगाने खाली आणून मानेच्या बुडाशी उठून दिसणाऱ्या मणक्यावर आपटणं तर निव्वळ धोका. खाली येताना दोन-तीन सेकंद घ्या.

याला जोडूनच येते ती मान. रॉडला वाट द्यायला डोकं खाली घालावं लागत असेल, हनुवटी छातीला लागत असेल, तर हालचाल कमी पडतेय हे उघड आहे. डोकं किंचित पुढे गेलं तर ठीक, पण नजर समोरच हवी. मोबाइल बाजूच्या बेंचवर उभा ठेवून कडेने व्हिडिओ काढा. आरशात हे दिसत नाही, कारण आरसा समोर असतो आणि चूक बाजूने होते.

कंबर मागे वाकवणं

छातीच्या मागची पाठ ताठ असली की शरीर कमरेतून मागे झुकून वाट काढतं. ही सवय इतकी स्वाभाविक आहे की तिने ऑलिंपिकमधला एक प्रकारच संपवला. वेटलिफ्टिंगमध्ये 1972 च्या म्युनिकपर्यंत स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (रॉड आधी खांद्यांवर, मग डोक्यावर नेणं) यांच्याबरोबर प्रेस हा तिसरा प्रकार होता. स्पर्धक इतके मागे झुकू लागले की पंचांना निर्णय देणं कठीण झालं आणि प्रेस वगळली गेली. आपण उभे राहून करताना नितंब घट्ट आवळा, बरगड्या खाली ओढा, पाय खांद्याइतके रुंद ठेवा. एवढं करून रॉड वर जात नसेल तर प्लेट काढा.

स्मिथ मशीनला सुरक्षित समजणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण नवशिक्यांना मुद्दाम तिथे बसवलं जातं. स्मिथ मशीनवर रॉड एका ठरलेल्या रेषेत चालतो. बेंच दोन इंच पुढेमागे लागला तर खांद्याला त्या रेषेशी जुळवून घ्यावं लागतं. मोकळा रॉड निदान शरीराप्रमाणे थोडा सरकतो. त्यात बेंचची पाठ सरळ उभी असल्यामुळे फऱ्याची हाडं मागून दाबली जातात, ती मोकळी फिरत नाहीत. सगळा भार मग सांध्यावर. शिवाय रॉड पडणार नाही या भरवशावर माणूस वजन वाढवत जातो.

वजनाची उडी

छातीसमोरून 40 किलो उचलता म्हणून मागून 35 लावू नका. पहिले काही आठवडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइप किंवा घरातली काठी पुरते. मग रिकामा रॉड. सात फुटी ऑलिंपिक रॉड 20 किलोचा असतो, पण लहान जिममधले आखूड रॉड कितीचे हे बहुधा कोणालाच माहीत नसतं. वजनकाट्यावर रॉड घेऊन उभे राहा, मग तो ठेवून. फरक म्हणजे रॉडचं वजन.

अडचण पुढे येते. बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की 20 चे 25 होतात, म्हणजे एका दिवसात पाव पट वाढ. रोटेटर कफला ही उडी झेपत नाही. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या विकत घेऊन बॅगेत ठेवा, नाहीतर वजन तेच ठेवून 8 रेपचे 12 होईपर्यंत वाट बघा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तीन सेट. शेवटचे दोन रेप जमतील असं वाटत असतानाच सेट थांबवा. इथे ‘फेल होईपर्यंत’ मारायचं नाही. छातीचा जड दिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हा व्यायाम ठेवू नका. बेंच प्रेसनंतर खांद्याचा पुढचा भाग आखडलेला असतो.

रॉड घेणं आणि ठेवणं

दुखापत पुष्कळदा रेपमध्ये होतच नाही, रॉड उचलताना होते. संध्याकाळी सातला स्क्वॉट रॅक (रॉड टेकवायची खांबांची चौकट) मोकळा मिळत नाही, म्हणून लोक जमिनीवरून रॉड छातीवर घेतात, डोक्यावरून मागे टाकतात आणि शेवटी दमलेल्या हातांनी तोच प्रवास उलटा करतात. थांबा, रॅक मिळू द्या. रॅक खांद्याच्या उंचीच्या किंचित खाली लावा, रॉड स्क्वॉटसारखा पाठीच्या वरच्या मांसल भागावर घ्या, दोन पावलं मागे या आणि पहिला रेप तिथूनच वर ढकला. रुंद ग्रिपमध्ये परत ठेवताना बोटं रॅकच्या खांबात चेमटतात. म्हणून रॉड आधी पाठीवर टेकवा, हात आत घ्या, मग ठेवा.

मदतीला मागे कोणी उभं असेल तर त्याने रॉडला हात द्यावा. कोपरं धरून वर ढकलणारा मित्र तुमचा दंड आणखी मागे पिळतो.

दुखतंय, पण नेमकं कुठे?

खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, हात अर्ध्यावर आल्यावर दुखत असेल तर वरची फट आणि कंडरा यांचा संशय घ्या. बॅक प्रेस बंद, फेस पुल (दोरी किंवा बँड चेहऱ्याकडे ओढणं) आणि हलक्या बँडचे बाहेर फिरवण्याचे व्यायाम चालू, आणि पाठीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन रोज थोडा वेळ पडून राहा. खांद्याच्या पुढच्या बाजूला, रॉड अगदी खाली असताना दुखत असेल तर खोली जास्त होतेय किंवा सांधा सैल आहे. स्ट्रेचिंग करू नका. मानेच्या बाजूला आखडतं त्यांचे खांदे बहुधा कानाकडे उचलले जातायत, वजन जास्त आहे. मनगट दुखत असेल तर ग्रिप दोन बोटं आत घ्या.

काही लक्षणांवर घरगुती उपाय करत बसू नका. त्या कुशीवर झोपता न येणं, हात बाजूने वर न जाणं, बोटांपर्यंत मुंग्या येणं, खांदा सरकल्यासारखा वाटणं: यातलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात दाखवता येईल. पेनकिलर घेऊन शोल्डर डे पूर्ण करणं तर अजिबात नको. दुखणं झाकलं जातं, इजा वाढत राहते. चाळिशीपुढच्या मधुमेही लोकांनी तर आणखी जपावं. त्यांच्यात फ्रोजन शोल्डर (खांद्याचा सांधा आखडून जखडणं) जास्त आढळतो आणि सुरुवातीला तो ‘व्यायामाने आखडलंय’ असाच वाटतो. तुमचं आखडणं आठवड्यागणिक वाढत असेल, शर्टची बाही घालताना किंवा पाठीमागे हात नेताना अडत असेल, तर पुढच्या जिमच्या दिवसाची वाट न बघता साखर आणि खांदा दोन्ही तपासून घ्या.