दहा फुटी पडद्यावर वी रिमोटचा नेम कसा बसवायचा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या तालमीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पोरांना निंटेंडो वी हा गेम कन्सोल खेळायला दिला, त्याचा रिमोट पडद्यावर रोखला की कर्सर हलतो, पडदा दहा फूट रुंद, बघायला नाद खुळा! पण रिमोट कोपऱ्याकडं नेला की कर्सर गायबच, आणि मधे धरला तरी थरथरतोय. घरी टीव्हीवर तोच रिमोट एकदम सरळ चालायचा. दोन रविवार घालवल्यावर जमलं, ते कसं ते सांगतो.

आधी हे समजून घ्या की टीव्हीवर ठेवतो त्या सेन्सर बारमध्ये सेन्सर नसतोच, दोन टोकांना डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड एलईडी असतात बस्स. कॅमेरा रिमोटच्या नाकात असतो. त्याला ते दोन ठिपके दिसतात आणि ते कुठं दिसले त्यावरनं कर्सर ठरतो. म्हणजे पडदा केवढा आहे हे रिमोटला कळतच नाही. पडदा मोठा आणि तुम्ही जवळ, तर कोपऱ्याकडं रोखलं की ठिपके कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर जातात आणि कर्सर जातो.

म्हणून पहिलं काम, मागं सरका. ३२ इंची टीव्ही साधारण ७० सेंटीमीटर रुंद, आपण बसतो दोन मीटरवर, म्हणजे रुंदीच्या तिप्पट. हाच हिशोब दहा फुटी पडद्याला लावला तर तीस फूट होतात, पण रिमोट वीला ब्लूटूथनं जोडलेला असतो आणि त्याची रेंज साधारण दहा मीटर म्हणजे तेहतीस फुटांचीच, शिवाय हॉल तेवढा लांब पाहिजे. आम्ही वीस फुटांवर उभं राहतो, तेवढ्यात भागतं.

पण मागं गेलं की दुसरी अडचण येते, आणि खरी गोम इथंच आहे. मूळ बारचे ठिपके एकमेकांपासून जेमतेम आठ इंचांवर, वीस फुटांवरनं ते जवळजवळ चिकटलेले दिसतात आणि कर्सर थरथरतो. मग ठिपकेच लांब करायचे. दोन मीटरला २० सेंटीमीटर म्हणजे अंतराचा दहावा भाग, तेच प्रमाण ठेवलं की वीस फुटांना दोन फूट. लाकडी पट्टीच्या दोन टोकांना एलईडी बसवा आणि पट्टी पडद्याच्या मधोमध वरच्या किंवा खालच्या कडेला लावा. गवंड्याची लेव्हल लावून बघा, कारण कर्सरसाठी रिमोट किती कलला हे या दोन ठिपक्यांच्या रेषेवरनं कळतं.

एलईडी किती घ्यायचे? दोन मीटरचे वीस फूट झाले म्हणजे अंतर तिप्पट, आणि अंतर तिप्पट झालं की उजेड नऊ पट कमी पोचतो. मूळ बारमध्ये एका बाजूला पाच असतात, आम्ही नऊ लावले, तेही अरुंद झोताचे. पार्टच्या दुकानात ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी मागा. तीन-तीन एका माळेत जोडायचे, प्रत्येक माळेला २२ ओहमचा रेझिस्टर, आणि ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर. प्लस मायनस उलटं झालं तर ती माळ लागत नाही. लागली का ते मोबाईलच्या कॅमेऱ्यातनं बघा, जांभळट दिसते, मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसली तर पुढच्यानं बघा.

सोल्डरिंग करायच्या आधी खात्री करायची असेल तर एकमेकींपासून दोन फुटांवर दोन मेणबत्त्या लावून बघा, ज्योतीतही इन्फ्रारेड असतंय त्यामुळं कर्सर चालतो! त्याच कारणानं हॉलमध्ये समई किंवा निरांजन तेवत असेल, हॅलोजन चालू असेल, नाहीतर खिडकीतनं ऊन येत असेल तर रिमोट गोंधळतो. गणपतीत हे करणार असाल तर समई रिमोटच्या नजरेत येणार नाही अशी एका बाजूला ठेवा.

शेवटी वीच्या सेटिंगमध्ये सेन्सर बार वर की खाली ते बरोबर निवडा आणि सेन्सिटिव्हिटीच्या पानावर जा. तिथं रिमोटला दिसणारे ठिपके स्क्रीनवरच दिसतात. दोनच दिसले पाहिजेत. कमी दिसले तर आकडा वाढवा, पाचपर्यंत जातो. जास्त दिसले तर आधी कुठला दिवा मधे येतोय तो शोधा, आणि मगच आकडा कमी करा.

आणि कर्सर हाताच्या मागनं येतोय असं वाटलं तर दोष पट्टीचा नाही, प्रोजेक्टर चित्र उशिरा दाखवत असेल, त्याचा गेम मोड चालू करून बघा.

आम्ही वीस फुटांवर खडूनं रेघ मारलीय, पोरं भरात आली की पुढं पुढं सरकतात आणि कर्सर परत कोपऱ्याकडं गायब होतो, तेवढं लक्ष ठेवावं लागतंय.