कापसाच्या चुकाऱ्याचा हिशोब पायथनमध्ये: व्हेरिएबल आणि डेटा टाइप

जिनिंगवर गेलेल्या एका गाडीची नोंद वहीत साधारण अशी असते: कास्तकाराचं नाव, गट क्रमांक, भरलेल्या गाडीचं वजन, खाली गाडीचं वजन, ओलावा, भाव, मोबाइल नंबर, चुकारा (मालाचे पैसे) मिळाला की नाही. हीच नोंद पायथनमध्ये, म्हणजे संगणकाला सूचना लिहायच्या एका भाषेत, उतरवायची तर यातली कोणती गोष्ट संख्या, कोणती मजकूर आणि कोणती हो-नाही, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं तर पायथन दरवेळी अडतोच असं नाही. पुष्कळदा तो चुकीचं उत्तर देऊन पुढे जातो आणि चूक थेट चुकाऱ्याच्या दिवशी सापडते.

संगणकावर पायथन ३ टाकलं की सोबत आयडल येतं, कोड लिहून चालवायची खिडकी. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप चालतं. एकदा इन्स्टॉल झालं की नेट लागत नाही, त्यामुळे वावरात रेंज नसली तरी सराव होतो. आयडल उघडलं की तीन बाणांची खूण दिसते. तिच्यापुढे ओळ लिहून एंटर दाबायचं. इथे लिहिलेलं लाइट गेली की गेलं. ठेवायचं असेल तर नवीन फाइल उघडून त्यात लिहा आणि कंट्रोल-एस दाबत राहा. फाइलमध्ये मात्र नुसतं नाव लिहून किंमत दिसत नाही, तिथे ते नाव प्रिंटच्या कंसात घालावं लागतं.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. पायथनचे स्वतःचे शब्द (प्रिंट, इंट, फ्लोट, ट्रू) तेवढे रोमन अक्षरांतच टाइप करायचे. कोडमधले आकडेही 0 ते 9 असेच हवेत. थेट १२४५ लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते, म्हणजे ओळ लिहिण्यातच चूक आहे असं पायथन सांगतो.

>>> भरलेली = 3865
>>> खाली = 2620
>>> वजन = भरलेली - खाली
>>> वजन
1245

बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचं आधी काढलं जातं, मग त्या किमतीला डावीकडचं नाव मिळतं. व्हेरिएबल म्हणजे एवढंच: किमतीला दिलेलं नाव. नावात जागा सोडता येत नाही, दोन शब्द असतील तर मध्ये अंडरस्कोर टाका: खाली_गाडी. नावाची सुरुवात आकड्याने होत नाही. शुद्धलेखन सगळीकडे एकच ठेवा, कारण ‘क्विंटल’ आणि ‘क्विन्टल’ ही पायथनला दोन वेगळी नावं आहेत. एक ठरवून दुसरं वापरलं की नेम एरर, म्हणजे हे नाव माहीत नाही. आणखी एक, ही चूक डोळ्यांना दिसतच नाही. काही कीबोर्ड ‘पऱ्हाटी’सारख्या शब्दात अक्षरं जोडणारं एक अदृश्य चिन्ह घालतात, ते नावात चालत नाही. अशा नावावर सिंटॅक्स एरर आली तर डोकं खपवू नका, ‘कापूस’ असं सरळ नाव द्या.

वजन इथे किलोत, पूर्ण संख्येत ठेवलं आहे. पूर्ण संख्येचा प्रकार इंट (टाइप करताना आय-एन-टी). क्विंटलमध्ये 12.45 लिहिलं असतं तर तो दशांशाचा प्रकार, फ्लोट झाला असता. पैशाच्या हिशोबात फ्लोट टाळलेला बरा. दहा किलो आणि वीस किलो क्विंटलमध्ये मांडून बेरीज करून पाहा:

>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004

पायथनमध्ये बिघाड नाही. संगणक फ्लोट अर्धा, पाव, अष्टमांश अशा दोनने भागत गेलेल्या अपूर्णांकांत साठवतो आणि 0.1 त्यात नेमका बसत नाही. एका गाडीत हे कळणार नाही. पण दोन बेरजा जुळतात का हे दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासलं, की ‘नाही’ असं उत्तर येतं आणि हंगामाचा ताळा अडतो.

यावर सोपा उपाय आहे. भाव क्विंटलला रुपयांत असतो, क्विंटल म्हणजे १०० किलो आणि रुपया म्हणजे १०० पैसे. त्यामुळे किलो गुणिले क्विंटलचा भाव केलं की उत्तर आपोआप पैशांत येतं, तेही पूर्ण संख्येत. भाव ७१५० धरू:

>>> भाव = 7150
>>> पैसे = वजन * भाव
>>> पैसे
8901750
>>> पैसे // 100
89017
>>> पैसे % 100
50

म्हणजे ८९,०१७ रुपये ५० पैसे. दोन तिरप्या रेघा पूर्ण भागाकार देतात, टक्क्याचं चिन्ह बाकी देतं. एकच तिरपी रेघ टाकली तर नि:शेष भाग गेला तरी उत्तर फ्लोटच येतं. दशांशाची पूर्ण संख्या करणाऱ्या राउंडवरही डोळे मिटून विसंबू नका: बरोबर अर्ध्यावरचा आकडा तो जवळच्या सम संख्येकडे नेतो, त्यामुळे 2.5 चे 3 होत नाहीत, 2 होतात.

आता भाव बदला आणि पैसे पुन्हा विचारा:

>>> भाव = 7300
>>> पैसे
8901750

जुनाच आकडा. एक्सेलमध्ये भाव बदलला की सूत्र स्वतः बदलतं, इथे गुणाकाराची ओळ पुन्हा चालवावी लागते. एक्सेलवरून आलेले बहुतेकजण इथेच अडखळतात.

मोठी संख्या लिहिताना स्वल्पविराम घालू नका.

>>> वजन = 1,245
>>> वजन
(1, 245)

एरर नाही, पण वजनाऐवजी दोन संख्यांची जोडी तयार झाली. वाचायला सोपं हवं असेल तर अंडरस्कोर चालतो: 1_24_000.

गट क्रमांक आकड्यांत असतो, पण ती संख्या नाही.

>>> गट = 112/2
>>> गट
56.0

पायथनने भागाकार केला आणि पोटहिस्सा गायब झाला. गट क्रमांक अवतरण चिन्हांतच लिहा: गट = "112/2". हा मजकुराचा प्रकार, स्ट्रिंग. मोबाइल नंबर, आधार, बँक खातं, पिनकोड हेही स्ट्रिंगच. ज्यांची बेरीज करून काही अर्थ निघत नाही, ते मजकुरात टाका. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर अवतरणाशिवाय पायथन तो घेतच नाही, एरर देतो. अवतरण चिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या ओळीत वाकडी आली असतील तर पुसून पुन्हा टाइप करा.

सातबारावरचं क्षेत्र जपून उतरवा. तिथे हेक्टर, आर, चौरस मीटर अशी 1.62.00 सारखी नोंद असते. ती जशीच्या तशी लिहिली तर दोन टिंबांमुळे सिंटॅक्स एरर येईल, 1.62 लिहा. याहून घातक म्हणजे १ हेक्टर ६ आर. ते 1.6 नाही, 1.06 आहे. पायथन दोन्ही मुकाट्याने घेईल आणि तुमच्या हिशोबात ५४ आर जमीन जास्त दिसेल.

हो-नाहीसाठी बूल. त्याच्या ट्रू आणि फॉल्स या दोनच किमती, दोन्हींचं पहिलं अक्षर मोठं. ‘ओलावा <= 12’ असं विचारलं की यातली एक मिळते. चुकारा मिळाला का, हे "नाही" असं अवतरणात लिहून ठेवू नका: रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग पायथन ‘हो’ धरतो, त्यात "नाही"सुद्धा आलं. आणि ओलावा मोजलाच नसेल तर 0 भरू नका, नन (एन-ओ-एन-ई, पहिला मोठा) ठेवा. शून्य ओलावा सरासरीत मिसळतो आणि ती खाली ओढतो. नन मिसळायला गेलं तर पायथन टाइप एरर देऊन थांबतो, आणि इथे थांबलेलंच हवं.

कीबोर्डवरून इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, आकडा टाइप केला तरी.

>>> पोती = "40"
>>> पोती * 3
'404040'

म्हणून इनपुट हाती आलं की गुणाकाराआधी ते इंटच्या कंसात घाला. आकड्याच्या मागेपुढे जागा असेल तर इंट चालवून घेतं. "12.45" किंवा "1,245" दिलं तर व्हॅल्यू एरर देतं, पहिल्यासाठी फ्लोट वापरा, दुसऱ्यातला स्वल्पविराम आधी रिप्लेसने (मजकुरातलं अक्षर बदलणारी आज्ञा) काढा. कोडमध्ये न चालणारे देवनागरी आकडे इथे मात्र चालतात: काट्यावरच्या माणसाने "१२४५" टाइप केलं तरी इंट त्याचे 1245 करून देतं. शंका आली की टाइपच्या कंसात व्हेरिएबलचं नाव घालून प्रकार पाहून घ्या.